झडती

“मॅडम, झडती तुम्हीच घ्या,” कंडक्टर म्हणाला, आणि बसमधली सगळी डोकी चारुलताकडे वळली. तिला आधी वाटलं, तो दुसऱ्याच कोणाला म्हणतोय. मग लक्षात आलं की या बसमध्ये मॅडम म्हणावं अशी ती एकटीच होती. इस्त्रीची सुती साडी, चष्मा, मांडीवर कागदांनी फुगलेली पर्स आणि धुळ्यापासून कोणाशी चकार शब्द न बोलता खिडकीबाहेर लावलेली नजर. बस पारोळ्याच्या पुढे एका हॉटेलासमोर कडेला घेतली होती. इंजिन बंद झालं तसा आतला उकाडा एकदम वर आला, घामाचा, रेक्झिनचा आणि कोणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास त्यात मिसळला. “मी?” ती म्हणाली. कंडक्टरने मान हलवली. तो चाळिशीचा, दमलेला माणूस होता, छातीवरच्या पट्टीवर अभिमन असं नाव होतं. “तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही घेतली तर कोणाला काही वाटणार नाही.”

हे सगळं इतक्या पटकन झालं होतं की तिचं मन अजून मागे, धुळ्याच्या बोरसे सरांच्या बैठकीतच होतं. जळगावच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवता शिकवता, चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय होता मानवी हक्कांचा तात्त्विक पाया. बोरसे सर तिचे मार्गदर्शक. निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे. तिसरं प्रकरण वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसावा तसा लुंगीला पुसला आणि म्हणाले, “बाई, तुम्ही लिहिता, माणूस आहे म्हणून त्याला हक्क आहेत. ठीक. पण त्याच्यातल्या नेमक्या कशामुळे? बुद्धी म्हणाल तर तान्ह्या पोराचं काय, वेड्याचं काय? दुःख होतं म्हणून म्हणाल तर बैलालाही होतं. सगळ्यांनी मिळून केलेला करार म्हणाल, तर ज्याला करारात कोणी घेतलंच नाही त्याने कुठे जायचं? तुम्ही जिथे जिथे अडलात तिथे प्रतिष्ठा हा शब्द ठेवून दिलाय. गळतं तिथे पातेलं ठेवावं तसा.” ती तेव्हा हसली होती. सरांच्या बायकोने आणलेला चहाही हसत प्याली होती. पण स्टँडवर बस लागली, खिडकीची जागा मिळाली आणि ते पातेलं मनात टपटप वाजायला लागलं. ती उत्तरं जुळवत होती, मोडत होती. पारोळ्याला गर्दी चढली हे तिला कळलं ते शेजारचा माणूस उतरला म्हणून. त्याच्या जागी, इतका वेळ पुढच्या सीटला टेकून उभी असलेली एक बाई बसली. सत्ताविशीची असेल. जांभळा पंजाबी ड्रेस धुऊन धुऊन राखी झालेला, मांडीवर कापडी पिशवी. बसताना तिने दोघींच्या मधली ओढणी अंगाजवळ ओढून घेतली, चारुलताच्या साडीला लागू नये अशी. चारुलताने ते पाहिलं आणि पुन्हा बाहेर पाहू लागली.

मग पुढच्या सीटवरून आवाज आला. “मनी पोत. मना गळामा व्हती ना आत्तेच. कोठे गयी वं माय?” साठीची बाई, लग्नाला निघालेली, गळ्यातली सोन्याची पोत शोधणारी, प्रमिलाबाई. हे नाव तिच्या नवऱ्याच्या हाका मारण्यावरून सगळ्यांना कळलं. नवरा रुपचंद, पांढरी टोपी, नवा सदरा. दोघं मिळून आधी सीटखाली वाकली, मग मागचे वाकले, मग सगळी बस वाकली. बायकांनी चपला उचलून पाहिल्या. शोध जमिनीवर सुरू झाला आणि हळूहळू माणसांवर चढला. प्रमिलाबाईंच्या पाठीमागे कोण उभं होतं, इथपर्यंत तो आला, तेव्हा कोणाला बोट दाखवावंही लागलं नाही. “हाईच उभी व्हती ना इतला येळ,” एक बाई म्हणाली. “कोणत्या गावची तू?” बाईने गाव सांगितलं. “आडनाव काय?” तिने क्षणभर थांबून आडनाव सांगितलं, तसं दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं, जणू गणित सुटलं. “जळगावला काय करते?” “कामाला आहे.” “कोठे?” ती पुन्हा थांबली. “सोन्याच्या दुकानात. झाडलोट, चहापाणी.” यावर मागे कोणीतरी हसलं. त्या हसण्याने बस सैलावली, सगळ्यांना एकदम बरं वाटलं, आणि कंडक्टरने दोरी ओढली.

“अशी कोणाची झडती घेता येत नाही,” चारुलता म्हणाली. वर्गात निघतो तसाच आवाज निघाला, स्वच्छ आणि थोडा उंच. “नुसत्या संशयावरून कोणाच्या अंगाला हात लावायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. पोलिसांना फोन करा.” वाक्य बरोबर होतं. तिला माहीत होतं की ते बरोबर आहे, आणि बोलून झाल्याबरोबर हेही कळलं की या उकाड्यात ते कोणाला लागू पडत नाही. अभिमनने वाद घातला नाही. तो म्हणाला, “बरोबर आहे मॅडम तुमचं. पण पोलीस येईपर्यंत गाडी इथंच. मागे ते बाबा आहेत, त्यांना डायलिसिसला पोचायचं आहे. आणि पोलीस आले तर हिला घेऊन जातील, ते काय तुमच्याइतके हळू हाताने पाहणार आहेत?” सर्वांत मागच्या सीटवरून एक तरुण आवाज आला, “मॅडमला जमत नसेल तर आम्ही पाहतो ना.” पुन्हा हसू. चारुलताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात मनगटावर एक हात आला. शेजारच्या बाईचा. एवढ्या उकाड्यात तो हात गार आणि ओला होता. “ताई, तुम्ही घ्या ना,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “लवकर घ्या. संपू द्या.”

हॉटेलच्या मागच्या खोलीकडे चालत जाताना चारुलताच्या डोक्यात एकच शब्द होता, संमती. तिसऱ्या प्रकरणात त्यावर तिने पानभर लिहिलं होतं. भीतीने दिलेली संमती ही संमती नव्हे, दुसरा पर्यायच नसताना दिलेला होकार हा होकार नव्हे, असं. आता होकार देणारी तिच्या पुढे झपझप चालत होती, मागे वळून तिच्याकडे पाहत होती, उशीर करू नका अशा नजरेने. आपण नाही म्हटलं तर मागच्या सीटवरचा तो येईल. हो म्हटलं तर आपण. म्हणजे प्रश्न हात लावायचा की नाही हा उरलेलाच नव्हता, कोणाचे हात एवढाच उरला होता, आणि आपले हात त्यातल्या त्यात चांगले. या विचाराशी ती थबकली. आपले हात चांगले हे आपल्याला कोणी सांगितलं? खोलीत कांद्याची पोती होती, एक तुटका कूलर होता, वर पत्रा. दार लोटल्यावर पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक गोळा जमिनीवर पडलेला दिसला. “नाव काय तुझं?” तिने विचारलं, काहीतरी विचारायला हवं म्हणून. “रत्ना.”

रत्नाने पिशवी पोत्यावर ठेवली. चपला काढून उलट्या केल्या, तळवे दिसतील अशा. ओढणी काढून झटकली आणि घडी करून पिशवीवर ठेवली. मग पाय थोडे फाकवून, दोन्ही हात आडवे करून ती उभी राहिली. चारुलता तिच्याकडे पाहतच राहिली, तेव्हा तिने स्वतःच मानेमागे हात नेला. “केस सोडू का? अंबाड्यात पाहतात.” “कोण पाहतं?” “दुकानात. रोज सुटताना. एक बाई ठेवलेली आहे त्याच्यासाठी. सोनं बारीक असतं ना ताई, कुठेही राहतं.” हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. नव्या माणसाला काम समजावून द्यावं तसं सांगत होती. मग तिचा आवाज बदलला. “दुकानात कळायला नको फक्त. पोलिसांपर्यंत गेलं तर ठेवणार नाहीत ते मला. बहिणीच्या बाळंतपणाला धुळ्याला गेलती, तर सुट्टीच मोठ्या मुश्किलीने दिली.” केस सुटले. ती पुन्हा हात आडवे करून उभी राहिली, नजर समोरच्या भिंतीवर, चेहरा रिकामा. असा चेहरा करायला किती संध्याकाळी लागल्या असतील, हा विचार चारुलताच्या मनात आला आणि त्याच वेळी तिचे हात उठले.

हात उठले, आणि त्यांना काय करायचं ते माहीत होतं. हे तिला भयंकर वाटलं. बोटं जरा वाकलेली, तळवे आत, कमरेच्या उंचीवर. असोद्याच्या शेताच्या बांधावर ती उभी होती, सहा-सात वर्षांची, फ्रॉकच्या खिशात बोरं. कापसाची वेचणी संपवून बाया रांगेने निघालेल्या. आई, शेवंताबाई, तराजूजवळ उभी. कमरेला पदरात कापूस खोचून नेतात बाया, असं घरात बोललं जायचं. पण आईला कोणाचा अपमान करणं आवडत नसे, ती मऊ स्वभावाची म्हणून गावात नावाजलेली होती. म्हणून ती लेकीला पुढे करायची. “जाय वो चारू, पाह्य बरं.” पोरीच्या हाताला कोण नाही म्हणणार? चारू एकेकीच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालायची, चाचपायची. लुगड्याला उन्हाचा वास असायचा, कापसाचे पांढरे तंतू पोटाला चिकटलेले असायचे, आणि बाया हसायच्या. गुदगुल्या होतात म्हणून हसायच्या. भिकुबाई तर तिचा गालगुच्चा घ्यायची, म्हणायची, आमचा हवालदार आला. किती छान संध्याकाळी होत्या त्या. इतकी वर्षं त्या तिच्या मनात छान संध्याकाळी म्हणूनच राहिल्या होत्या. आता, कांद्याच्या वासात, हवेत तरंगणाऱ्या स्वतःच्या बोटांकडे पाहताना तिला पहिल्यांदाच वाटलं की तिच्या हातांना गुदगुल्या करायच्याच नव्हत्या. आणि त्या बायांना हसू येतच नसावं. रत्नाने श्वास रोखून धरला होता. चारुलताने हात खाली घेतले. साडीच्या काठाला पुसले. “राहू दे,” ती म्हणाली.

रत्नाला कळलं नाही. तिचे हात तसेच आडवे होते. “राहू दे,” चारुलता पुन्हा म्हणाली, “केस बांध.” दोघी तशाच उभ्या राहिल्या. बाहेर कोणीतरी कढईत भजी सोडत होतं. झडतीला लागतो तेवढा वेळ जाऊ द्यायला हवा होता, आणि तो वेळ किती, ते रत्नाला जास्त माहीत असणार, म्हणून चारुलता तिच्याकडे पाहत राहिली. रत्नाने ओढणी घेतली, चपला सरळ केल्या, मग म्हणाली, “एवढ्यात होतं.” दार उघडलं तेव्हा उन्हाने डोळे मिटले. निम्मी बस खाली उतरून उभी होती. “पाहिलं,” चारुलता म्हणाली. “काही नाही हिच्याजवळ.” लोकांच्या चेहऱ्यांवर निराशा आली, पण शंका आली नाही. “मॅडम सांगतात म्हणजे झालं,” अभिमन म्हणाला आणि शिट्टी वाजवली. फक्त प्रमिलाबाई जवळ आल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. त्या उघड्या गळ्यावरून सारखा हात फिरवत होत्या. “बाई, तुमी नीट दखं ना? मना बापनी व्हती ती पोत.” “नीट पाहिलं,” चारुलता म्हणाली. पहिल्यापेक्षा हे खोटं बोलणं सोपं गेलं.

बस निघाली आणि वारा आत आला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एरंडोलच्या अलीकडचा तो सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उन्हाने पिवळी पडलेली शेतं, कुठे एखादी हिरवी केळीची बाग अचानक उघडून मिटणारी. रत्ना शेजारीच बसली होती, पहिल्यासारखी ओढणी जवळ घेऊन. पाहण्यासारखं काहीच नव्हतं, पण चारुलताची नजर खिडकीच्या काचेत रत्नाच्या प्रतिबिंबाला जाऊन चिकटली. रत्नाची डावी मूठ मिटलेली होती. का मिटली आहे? मघाशी खोलीत ती मूठ उघडी होती का? हात आडवे होते हे आठवतं, बोटं आठवत नाहीत. आणि केस. केस सुटले तेव्हा आपण तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिने स्वतःच केसांचं विचारलं, म्हणजे केसात नाही हे नक्की. की तेवढ्यासाठीच विचारलं? रत्नाने मूठ उघडली, आत चुरगळलेलं तिकीट होतं. चारुलताने नजर काढून घेतली आणि तिला स्वतःची शिसारी आली. मग राग आला, रत्नाचा. का ते कळलं नाही. चोरालाही हक्क असतात, हे वाक्य ती दर वर्षी वर्गात म्हणायची. म्हणताना डोळ्यांसमोर कोणी एक चोर असायचा, लांबचा, मिशाळ, नाव नसलेला. तो कधी शेजारच्या सीटवर बसलेला नसे, आणि त्याच्यासाठी तिने कधी आपला शब्द गहाण टाकलेला नसे. आता टाकला होता. आता ही बाई चोर नसायलाच हवी होती. नसेल तर आपण थोर, असेल तर आपण मूर्ख. म्हणजे तिने रत्नाला काही न पाहता जे दिलं होतं, ज्याला ती गेला तासभर मनात काहीतरी मोठं नाव शोधत होती, ते दिलेलं नव्हतंच. ते उधारीवर होतं. रत्नाने ते निरपराध असून फेडायचं होतं.

“ताई,” रत्ना म्हणाली. पुढचे ऐकतील म्हणून ती ओठ न हलवता बोलत होती. “तुम्ही पाहिलं नाही.”

“गरज नव्हती.”

“का?”

चारुलताला उत्तर माहीत होतं, तिने त्यावर दोन वर्षं घालवली होती. पण ते या आवाजात, या सीटवर बोलता येईना. “असं कोणाचं अंग चाचपणं बरोबर नाही,” ती म्हणाली.

रत्नाने मान हलवली, समजलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? मी घेतली असेल?”

“नाही,” चारुलता म्हणाली. पण हे नाही यायला जरासा वेळ लागला. अगदी जरासा. बस एका खड्ड्यावरून गेली, त्यात तो वेळ लपून जाईल असं तिला वाटलं. रत्ना तिच्याकडे पाहत होती. पहिल्यांदाच सरळ पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, फक्त काहीतरी मावळल्यासारखं झालं.

“पाहिलं असतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “दुकानात पाहतात, मग जा म्हणतात. मी घरी जाते. झोप लागते.” एवढं बोलून तिने मान पलीकडे वळवली.  बांभोरीच्या पुलावर, खाली गिरणेचं वाळूचं कोरडं पात्र सरकत असताना, चारुलताने एकदा तिला काही म्हणायला तोंड उघडलं, पण जे सुचलं ते सगळं प्रबंधातलं होतं.

स्टँडवर रुपचंदने ऐकलं नाही. तो म्हणाला, तक्रार देणारच. कंडक्टर, प्रमिलाबाई, रत्ना आणि चारुलता, सगळी वरात पोलीस चौकीत गेली. आत पंख्याखाली एक जाडसर हवालदार बसला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. पोत पारोळ्याच्या गर्दीतच गेली असेल, म्हणाला, तिथं असे हात फिरतात. मग रत्नाकडे न पाहताच विचारलं, “हिची झडती घेतली का?” “या मॅडमनी घेतली,” अभिमन म्हणाला. हवालदाराने चारुलताला खुर्ची दिली. रत्नाला दिली नाही. रत्ना भिंतीला लागून उभी होती, उजव्या पायाच्या अंगठ्याने फरशीवरची काहीतरी अदृश्य रेघ खोडत. “सांगा मॅडम. पूर्ण घेतली ना? म्हणजे कसं, आता महिला कॉन्स्टेबल आहे आमची, पाच मिनिटांत येईल. पुन्हा एकदा व्यवस्थित पाहून टाकेल. पण तुम्ही पूर्ण घेतली असेल तर काही कारण नाही. तुमच्यासारख्या बाईच्या शब्दापुढे आम्ही जात नाही.”

चारुलताने हवालदारासमोरच्या कागदाकडे पाहिलं. खरं सांगावं. खरं सांगितलं तर ती कॉन्स्टेबल येईल, आतल्या खोलीत नेईल, कपडे उतरवायला लावेल. काही सापडलं नाही तर रत्ना सुटेल, खरोखर सुटेल, माझ्या मनातूनही सुटेल. तिनेच म्हटलं होतं, पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनेच हेही म्हटलं होतं की दुकानात कळायला नको, आणि एकदा इथे नाव चढलं की जळगावच्या सराफ्यात ते पोचायला कितीसा वेळ? मग खोटं सांगावं. पोलिसांसमोर, सही करून. आणि उद्या पोत हिच्याजवळ सापडली तर? कॉलेज, प्राचार्य, पेपर. नवरा, ललित, काय म्हणेल? रत्नाने अंगठा थांबवला. तिने वर पाहिलं नाही, पण ती ऐकत होती, सबंध अंगाने ऐकत होती. चारुलताला जाणवलं की आपल्याला तिला वाचवायचं आहे की आपलं मघाचं खोटं, हे आता वेगळं करता येत नाही. आणि त्याहून खोल कुठेतरी, एक लहानसा, स्वच्छ आवाज म्हणत होता, बोलाव त्या कॉन्स्टेबलला, एकदाचं कळू दे. तो आवाज तिला ओळखीचा वाटला. मऊ होता, कोणाचाही अपमान न करणारा.

“पूर्ण घेतली,” ती म्हणाली. “अंबाड्यासकट.”

हवालदाराने ते लिहून घेतलं. सही कुठे करायची ते दाखवलं. तिने केली, नेहमीसारखीच सुबक, खाली कॉलेजचं नाव. प्रमिलाबाईंना नवऱ्याने धरून रिक्षात बसवलं. रिक्षात बसल्यावरही त्यांचा हात गळ्याशीच होता. अभिमन बसकडे गेला. चौकीबाहेर लिंबाच्या सावलीत रत्ना क्षणभर थांबली, पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. “येते,” ती म्हणाली. उपकार मानले नाहीत की दोषही दिला नाही. ती रस्ता ओलांडून गर्दीत मिसळली. भरभर चालणारी राखी जांभळी पाठ बरीच लांबपर्यंत दिसत राहिली, आणि चारुलता त्या पाठीकडे पाहत राहिली, ती कुठे वळते का, कुठे थांबते का, कोणाला काही देते का, असं.

घरी कोणी नव्हतं. ललित बँकेतून यायचा होता, मुलगी क्लासला. दिवस मावळायला आला होता, स्वयंपाकघरात शेवटचं पिवळं ऊन ओट्यावर आडवं झालेलं. तिने हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, पाणी प्याली. चहा टाकावा म्हणून पातेलं काढलं आणि तसंच ठेवलं. जेवणाच्या टेबलावर पर्स होती. पारोळ्यापासून हॉटेलपर्यंत ती पर्स आपल्या मांडीवर, दोघींच्या मधोमध होती. चेन अर्धी उघडीच असते, कागदांमुळे लागत नाही. रत्नाने मनगट धरलं तेव्हा तिचा दुसरा हात कुठे होता? पोत अंगावर नव्हतीच, म्हणून तर इतक्या सहज हात आडवे केले. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिने का म्हणावं? पाहून काही सापडणारच नव्हतं, म्हणूनच ना? आणि चौकीबाहेर ती थांबली होती. पर्सकडे पाहिलं होतं का तिने? छे, असं म्हणून चारुलता बेसिनशी गेली, परत आली, गॅस लावला, बंद केला. हा विचार मी करत नाही, ती स्वतःला म्हणाली. मग तिने पर्स उचलली आणि टेबलावर उलटी केली.

चष्म्याचं घर, किल्ल्या, रुमाल, गोळ्यांची पट्टी, पेन, तिकिटांचे बोळे. तिसरं प्रकरण. तिने प्रकरणाची पानं दोन्ही हातांनी धरून झटकली, मग एकेक वेगळं करून पाहिलं, मध्ये काही अडकलेलं नाही ना. पर्सच्या आतला छोटा कप्पा उलटा करून बाहेर काढला. अस्तर एका जागी उसवलेलं होतं. त्या भोकात तिने दोन बोटं घातली आणि तळापर्यंत, शिवणीच्या कडेकडेने, हलक्या हाताने चाचपत नेली. धूळ, एक जुनी बडीशेप, टाचणी. काही नाही. ती खुर्चीवर बसली, आणि तिच्या छातीतून एक मोठा, मोकळा श्वास आला. बरं वाटलं. खरोखर खूप बरं वाटलं. दुपारपासून पहिल्यांदाच तिचा सगळा विश्वास रत्नावर बसला होता.

त्या बरं वाटण्यातच तिला ते कळलं. श्वास अर्धवट राहिला. बोटं अजून त्या भोकात होती.

दार उघडून ललित आत आला, टेबलावरचा पसारा पाहून थांबला. “काय हरवलं?”

“काही नाही.”

“मग काय शोधतेयस?”

तिने बोटं बाहेर काढली आणि एकेक वस्तू पुन्हा आत ठेवू लागली, सावकाश, दुसऱ्याचं सामान परत करावं तशी. चौकीत तिने जे लिहून दिलं होतं, झडती पूर्ण घेतली, ते आता खरं झालं होतं.